आमच्या घरची लॉरी

तळेगाव, १२ फेब्रुवारी १९३४

ही वही खरं तर इंजिनाची. तेल कधी बदललं, पट्टा कधी शिवला, गिरणीच्या दगडाला टाकी कधी लावली, एवढंच हिच्यात लिहायचं असं सहा वर्षांपूर्वी ठरवलं होतं. पण आज इंजिनाला काही झालेलं नाही, झालंय ते मला. तेव्हा इंजिनाने थोडी जागा द्यावी.

बाजाराच्या नाक्यावर कारकून नावं लिहून घेत होता. नाव सांगितलं, चंदर हिराजी. धंदा सांगितला, फिरती पिठाची गिरणी. मग त्याने विचारलं, गाव? मी म्हणालो, लॉरी. तो हसला, मीही हसलो. गेल्या बाजारात मी जुन्नर सांगितलं होतं, त्याच्या आधी पुणं. केसर शेजारीच उभी होती. घरी आल्यावर, म्हणजे लॉरीच्या मागल्या फळीवर चढल्यावर, स्टोला पंप मारता मारता म्हणाली, "मेल्यावर कुठं न्यायचं तेवढं तरी लिहून ठेवा वहीत." माझ्या बायकोची जीभ अशी आहे. ओतूरची आहे ना, घाटावरची.

मी म्हणालो, माझं गाव थळ, समुद्राकाठी, अलिबागच्या पलीकडे. ती म्हणाली, लग्न झाल्यापासून ऐकतेय, आता दाखवा.

तिला सगळं ठाऊक आहे. माझा बाप हिराजी तांडेल, मासेमारीच्या मचव्यावरचा म्होरक्या, पंचक्रोशीतला नावाजलेला. तो गेल्यावर मचवा दादाकडे आला, धर्माजीदादाकडे, आणि मी दादाच्या हाताखाली. नऊ वर्षांपूर्वी ऐन मोसमात एका सकाळी मी कोणाला न सांगता उठलो आणि मोटारीवर क्लीनर होण्यासाठी निघून गेलो. त्यानंतर घराचं तोंड पाहिलं नाही. दादा दारात उभा करील की नाही, हे मला ठाऊक नाही. आणि त्याने नाही केलं तर कारकुनाला काय सांगायचं, हेही ठाऊक नाही.

पाली, १९ फेब्रुवारी

बोरघाट उतरून चार दिवस झाले आणि आम्ही अजून पालीतच आहोत. बल्लाळेश्वराचं दर्शन पहिल्याच दिवशी झालं. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, कार्बुरेटर साफ करायला हवा. तिसऱ्या दिवशी म्हणालो, पट्टा सैल वाटतो. आज म्हणालो, इथे दळण बरं मिळतंय. केसर म्हणाली, "इंजिनाला काय झालं न्हाई. इंजिनवाल्याचं पोट बिघडलंय." उद्या निघायचं, असं तिनेच ठरवून टाकलं.

बरं झालं तिने ठरवलं. माझ्या भरवशावर राहिली असती तर इथेच म्हातारे झालो असतो.

धरमतर, २१ फेब्रुवारी

आज अब्रू गेली.

दोन होड्यांवर फळ्या टाकून केलेल्या तरीवर लॉरी चढवली आणि खाडी ओलांडायला लागलो. खाडी ती केवढीशी! पाणी ताटातल्यासारखं शांत. अर्ध्यात गेलो आणि मला ओकारी आली. लॉरीचं मडगार्ड धरून मी वाकलो आणि सकाळचा चहा, भाकरी, सगळं खाडीला दिलं. तरवाले बघत होते. केसर पहिल्यांदाच पाण्यावर आली होती, ती ठणठणीत उभी, पदर वाऱ्यावर, आणि माझ्याकडे बघतेय.

पलीकडे उतरल्यावर तिला सांगावंच लागलं. मला समुद्र सोसत नाही. कधीच सोसला नाही. तांडेलाचा पोरगा, आणि मचवा हलला की पोटात कालवाकालव. आबांना, माझ्या बापाला, कधी कळू दिलं नाही, दादालाही नाही. तोंड फिरवून ओकायचो, तोंड धुवायचो, पुन्हा दोर धरायचो. अशी सहा वर्षं काढली आणि मग पळालो. कोळ्याच्या पोराने हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मोटारीचं वेड लागलं असं सगळ्यांना वाटलं, ते मी वाटू दिलं.

केसर हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. तिने तोंड धुवायला पाणी दिलं. या बाईचे उपकार कुठे फेडू?

थळ, २२ फेब्रुवारी

पोचलो. दुपारी तीनला.

गल्लीत लॉरी शिरेना. दोन्ही बाजूंनी बोंबील वाळत घातलेल्या दोऱ्या, मध्ये जाळी, कोंबड्या. वळसा घालून किनाऱ्यावर उतरलो तर कोरड्या वाळूत मागचं चाक रुतलं. फळ्या घालून काढलं आणि जरा खाली, टणक वाळूवर आणलं. तिथे सिमेंटसारखी घट्ट जमीन. भरतीची ओली रेघ बघितली, तिच्या वर मोजून वीस पावलं सोडली आणि लॉरी उभी केली. केसर म्हणाली, पाणी येणार न्हाई ना हितवर? मी म्हणालो, अगं, तांडेलाचा पोरगा आहे मी, एवढं तरी मला कळतं.

पहिली आली ठमी. आमच्या शेजारची, मासळी विकणारी. आवाज तोच, समुद्रातल्या खंदेरी बेटापर्यंत पोचेल असा. "कोन रं? हिराजी तांडेलाचा धाकला न्हवं?" जवळ येऊन तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरून पाहिलं. मग लॉरीकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होती, तोंड उघडलं आणि मिटलं. म्हातारी झाली. बोलायचं विसरायला लागली.

दादा आपल्या मचव्याच्या सावलीत जाळं विणत बसला होता. शंभर पावलांवर. मी दिसलो. त्याने एकदा मान वर केली, मग पुन्हा जाळ्यात घातली. मी चार पावलं गेलो आणि परत फिरलो.

पण गाव आहे तिथेच आहे. वास तोच. समोर उंदेरी, तिच्यामागे खंदेरी. आल्याबद्दल कोणी दगड मारला नाही. देवा, एवढं पुष्कळ झालं.

२३ फेब्रुवारी

सकाळी उठून बघतो तर लॉरीच्या पायरीच्या दांडीला माडाच्या पातीत ओवलेली मांदेली टांगलेली. ताजी, अजून चमकणारी. मला मांदेली किती आवडते हे या गावात ठमीशिवाय कोणाला आठवणार? तिला आभार म्हणायला गेलो, तर ती म्हणाली, मी न्हाय बाबा. लाजली असणार. माणसं चांगली आहेत आपली.

गिरणी सुरू केली. मागचं चाक जॅकवर उचललं, त्याच्यावर पट्टा चढवला, इंजिन चालू केलं. चाक फिरतं, चाकाबरोबर गिरणीचा दगड फिरतो. दळण चालू असलं की आमचं घर हलत नाही, आणि घर हललं की दळण बंद, असा आमचा संसार. थळच्या बायका आधी लांबूनच बघत होत्या. मग सगुणा नावाची एक सून धीर करून तांदळाची टोपली घेऊन आली. दळून झाल्यावर तिने पीठ चिमटीत धरलं, गालाला लावलं आणि म्हणाली, "आई गो, ह्ये तर पावडर झाली." दुपारपर्यंत रांग लागली.

२४ फेब्रुवारी

आज पायरीला निवट्या. ठमीचं काही खरं नाही, स्वतः काय खाते कोण जाणे.

दादा दिवसभर मचव्याच्या कडेला बसून गिरणीकडे बघत असतो. बोलत नाही. काय चुकतंय ते शोधत असणार. संध्याकाळी तो उठून थेट आमच्या लॉरीपासून दहा हातांवर येऊन उभा राहिला. पण माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. समुद्राकडे तोंड करून मोठ्याने विचारलं, "पुनव कंच्या वारी हाय?" विचारलं ते त्याच्या बायकोला, सोनाबाई वयनीला, आणि वयनी तर चाळीस पावलांवर मासळी उचलत होती. तिने ओरडून सांगितलं, बेस्तरवारी, म्हणजे येत्या गुरुवारी. दादा "हां, बेस्तरवारी" असं मोठ्याने म्हणून गेला.

मला वाईट वाटलं. अख्ख्या थळात तिथी विचारायची तर दादाला विचारायची, असं होतं एके काळी. चंद्र त्याच्या बोटांवर. आणि आता तोच दुसऱ्याला विचारतो. पंचेचाळिशीतच विसरायला लागला.

२६ फेब्रुवारी

आज लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

होळीसाठी मचवे किनाऱ्यावर घ्यायला सुरुवात झाली. आज दादाच्या मचव्याची पाळी. केसरने कधी पाहिलं नव्हतं म्हणून तिला सांगत होतो, ते इथेही लिहितो. आमच्याकडे मचवा वर ओढायचा तर गावातून घरटी एक माणूस येतो. बोलवावं लागत नाही. वैर असलं तरी येतो, दोर धरतो, बोलत नाही, ओढतो आणि जातो. खाली ओंडके टाकायचे, त्यांना माशाचं तेल लावायचं. शिवदास पाटील हाळी देतात, बाकीचे "होऽ" म्हणून ओढतात. पण एक आहे. सगळ्यांनी दोर हातात घेतला तरी जोर कोणी लावत नाही, जोवर त्या घरातला थोरला पहिला हात लावत नाही. तो हात लावतो, म्हणजे तो सांगतो की ही होडी आमच्या घरची, आता ओढा. मालक नसलेलं लाकूड थळचा माणूस ओढत नाही.

दादाने हात लावला. तेव्हा मी पाहिलं. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नाहीत.

मी तिथेच उभा राहिलो. ये म्हणालं नाही कोणी, जा म्हणालं नाही. दोराच्या शेपटाला जागा होती. मी हात लावला नाही.

संध्याकाळी वयनी दळण घेऊन आली तेव्हा विचारलं. ती आधी सांगेना. मग सांगितलं. मी गेलो त्याच दिवशी दादा एक माणूस कमी घेऊन समुद्रात गेला, कारण वारा चांगला होता. जाळ्याच्या दोराचं माझं टोक त्याने स्वतःच्या हाताला गुंडाळलं. दोराला हिसका बसला. नऊ वर्षं झाली. मला कोणी कळवलं नाही, आणि कळवणार तरी कुठे? माझा पत्ता लॉरी.

आता कळलं तो बोलत का नाही. बोलू नये. मी त्याच्या जागी असतो तर मीही बोललो नसतो.

जाताना वयनीला म्हणालो, ठमीला सांग, मासे नको पाठवू. वयनी माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "ठमी कशाला पाठवंल रं? तिच्या घरात खाणारी सात तोंडं." मग कोण, विचारलं, तर म्हणाली मला काय ठावं, आणि हसत निघून गेली. कोणी गिऱ्हाईक असेल. दळण बारीक आलं की माणसं खूश होतात.

२८ फेब्रुवारी, होळी

सकाळपासून दळण, दळण, दळण. अख्ख्या कोळीवाड्याचं पीठ माझ्या दगडातून गेलं. दुपारी पाणी लॉरीच्या बरंच जवळ आलं होतं, सहा पावलांवर. वारा होता जरा. लॉरी हलवावी असं मनात आलं, पण रांगेत तेरा टोपल्या आणि चाक जॅकवर.

संध्याकाळी होळी पेटली. सुपारीचं झाड मध्ये उभं, बायका फेर धरून नाचत होत्या आणि त्यांच्यात माझी घाटावरची केसर, वयनीने दिलेलं लुगडं कोळणीसारखं नेसून. एका पायाने चुकत होती, दुसऱ्याने सावरत होती. ठमी तिला हाताने धरून शिकवत होती. मी लांब उभा होतो. धूर डोळ्यांत गेला असं सांगणार होतो, पण या वहीशी कशाला खोटं बोला. मी रडलो. बायकोला माझं गाव मिळालं. मला नाही मिळालं तरी तिला मिळालं, एवढ्यासाठी मी आयुष्यभर या लोकांचा ऋणी राहीन.

होळी उतरली की परवा निघायचं ठरवलंय.

१ मार्च, धुळवड

शाई ओली आहे की हात ओला, कळत नाही. क्रमाने लिहितो.

सुट्टी म्हणून सकाळी इंजिन उघडलं. कार्बुरेटर, मॅग्नेटो, सगळं गोणपाटावर मांडलं. चाक कालपासून जॅकवरच. केसर वयनीकडे जेवायला गेली होती. गाव रंग खेळून, ताडी पिऊन पडलेलं. मी लॉरीखाली उताणा पडून पाना फिरवत होतो. अकरा वाजून गेले असतील. पाठीला गार लागलं. तेल सांडलं असं वाटलं. हात लावून बघितला तर पाणी.

बाहेर आलो. समुद्र लॉरीच्या पुढे निघून गेला होता. हळूच, आवाज न करता, दोन्ही बाजूंनी.

तेव्हा डोक्यात पडला प्रकाश. मी आलो तेव्हा अष्टमी होती. भांग होता, भांग! चंद्र अर्धा, भरती अर्धी. अष्टमीच्या भांगाला पाणी चढतंच किती? थळातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मी भांगाची रेघ बघून घर लावलं, आणि आज पुनवेचं उधाण. तांडेलाचा पोरगा! कपाळ माझं.

गोणपाट उचललं, मॅग्नेटो छातीशी धरला, फळीवर ठेवला. दळायला आलेले तांदूळ वर फेकले. जॅक काढला तशी वाळूने मागचं चाक आसापर्यंत गिळलं. आमचं जे काही आहे ते सगळं या एका लाकडी पेटीत आहे. गिरणी गेली तर पोट गेलं, लॉरी गेली तर घर गेलं. मी पाण्यात उभा राहून ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही.

ठमीने पाहिलं. तिने जी आरोळी ठोकली तिने मेलेला उठला असता. दारादारातून माणसं आली, तोंडं लाल-हिरवी, काही जण झोकांड्या देत, पण दोर घेऊन. कोणी ओंडके आणले. शिवदास पाटलांनी पुढच्या ॲक्सलला दोर बांधला, गाठ स्वतः ओढून बघितली. घरटी एक माणूस दोराला उभा राहिला. पंचवीस-तीस जण.

आणि कोणी ओढेना.

दोर हातात, पाय वाळूत रोवलेले. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलेलं. मी म्हणालो, ओढा, देवासाठी ओढा. पाटलांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. त्यांचाही नाइलाज होता. त्यांनी विचारलं, "ही कोनाच्या घरची?"

मी म्हणालो, माझी.

"तुझं घर कंचं?"

बाजाराबाजारांत इतकी गावं सांगितली आणि तिथे, माझ्याच गावाच्या पाण्यात, तोंडातून एक अक्षर निघेना. केसर किनाऱ्यावर येऊन उभी राहिली होती.

मग माणसं बाजूला झाली. दादा येत होता. धावत नाही, चालत, नेहमीसारखा, खांद्यावर एक ओंडका. तो त्याने पुढच्या चाकासमोर टाकला, पायाने नीट केला. माझ्याजवळून गेला पण माझ्याकडे बघितलं नाही. दोराच्या अगदी तोंडाशी गेला आणि तो डावा हात, तीन बोटांचा, दोरावर ठेवला.

"आमच्या घरची हाय," तो म्हणाला. "वढा."

पाटलांनी हाळी दिली. मी दोराच्या शेपटाला जाऊन लागलो. या वेळी कोणाची वाट बघितली नाही. लॉरी आधी हललीच नाही, मग करकरली, मग ओंडक्यावर चढली आणि एकदा चढली तशी आलीच. कोरड्या वाळूपर्यंत, मचव्यांच्या ओळीपर्यंत.

मी खाली बसलो. केसर माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि चार माणसांत फिरवते आहे याचं तिला भान नव्हतं.

नंतर ठमीला विचारलं, आठ दिवस बघत होतीस, एका शब्दाने सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "तांडेलाच्या पोराला भरती कोन शिकविल रं? शिकविली आसती तर तुझ्या बापाचा अपमान झाला आसता." अख्ख्या गावाला दिसत होतं, आणि अख्खं गाव माझा मान राखून गप्प बसलं होतं. या मानाने मला बुडवलं असतं. तरी मला त्यांचा राग येत नाही. नऊ वर्षांनी आलेल्याला कोणी तांडेलाचा पोरगा समजतं, हे काय थोडं झालं?

आणि दादाने पुनव विचारली होती ती कोणाला, हे आता कळतंय. धन्य माझी.

२ मार्च

खारं पाणी फार वाईट. मागच्या चाकात, पट्ट्याच्या कप्पीत, सगळीकडे. बायकांनी विहिरीपासून हंडे लावले आणि गोड्या पाण्याने लॉरी धुतली. सगुणाने तर गिरणीचा दगड लेकराला न्हाऊ घालावं तसा चोळला. कोणाला बोलावलं नव्हतं. इंजिन तिसऱ्या हँडलला सुरू झालं.

दादा दुपारी आला. पायरीवर बसला. हातात माडाच्या पातीत ओवलेले बोंबील होते, ते त्याने सरळ केसरच्या हातात दिले. म्हणजे रोज... तो म्हणाला, "भांगाला लावलीस आन पुनव इसरलास." नऊ वर्षांत माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मी म्हणालो, विसरलो.

मग मी ते बोललो जे बोलायचं होतं. म्हणालो, दादा, बोटं माझ्यामुळं गेली.

त्याने हात उलटासुलटा करून पाहिला. म्हणाला, "बोटं दोरानं नेली. त्याचं न्हाय कायबी. तू सांगून गेला न्हाईस, त्ये मातर तुझं." मग म्हणाला, "समुद्र सोसत न्हाय, यवडंच सांगाचं व्हतं."

त्याला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. मी तोंड फिरवून ओकायचो तेव्हा तो मुद्दाम शिडाकडे बघायचा. मग त्याने जे सांगितलं ते ऐकून मला हसू की रडू झालं. आबा, हिराजी तांडेल, नारळीपुनवेनंतर होडी पाण्यात गेली की दर वर्षी पहिले तीन दिवस ओकायचे. तीस वर्षं. तोंडात लवंग धरून बसायचे, आणि माणसांना वाटायचं तांडेल विचार करतोय. फक्त दादाला ठाऊक होतं, कारण लवंगा आणायचं काम त्याचं.

मी आबांना भीत होतो आणि आबा मला. कोणीतरी एकाने तोंड उघडायला हवं होतं.

मग दादाने विचारलं, पाण्यापावसाचं काय करता. केसरने सांगितलं, चार महिने रस्ते बंद, तेव्हा कुठल्यातरी धर्मशाळेच्या भिंतीला लॉरी टेकवून राहतो, वरून गोणपाट टाकतो, गेल्या साली गळून गळून गिरणीला गंज चढला. दादा ऐकून उठला आणि गेला. मला वाटलं केसरने जास्तच रडगाणं गायलं.

४ मार्च

काल दिवसभर आणि आज दुपारपर्यंत गावाचं दळण दळलं. दोराला लागलेल्या प्रत्येक घराचं. होडी ओढली की त्या घराने माणसांना जेवू घालायचं असतं. माझ्या चुलीवर तीस माणसं कुठली जेवणार, म्हणून पीठ. शिवदास पाटलांनी पीठ हातावर घेऊन बघितलं आणि म्हणाले, चालंल.

उद्या सकाळी निघायचं. पेणचा बाजार आहे, मग परत घाट. केसरने भांडी बांधली.

संध्याकाळी दादा आला. हातात एक काथ्याची दोरी. लॉरीच्या नाकापासून शेपटापर्यंत त्याने ती ताणली, एक गाठ मारली. मग आडवी धरली, दुसरी गाठ मारली. मला वाटलं दोर विकत आणायचाय आणि माप घेतोय. विचारलं, काय करतोस?

तो मचव्याच्या ओळीकडे बघून बोलला, माझ्याकडे नाही. "आखाडात गावच्या समद्या होड्या वर येतात. माझ्या होडीवर मी झावळ्यांचं छप्पर घालतो. बाजूला जागा हाय." दोरी त्याने हातात गुंडाळली, पुन्हा सोडली. "औंदा दोन घालीन. पयला पाऊस लागायच्या आत घेऊन ये. उंची सांग."

उंची मला ठाऊक होती. झाडाखालून, वेशीतून, पुलाखालून सहा वर्षं ती उंची मनात धरून मी गाडी काढतो. झोपेत विचारली तरी सांगेन. पण मी वाकून चाकाची वाळू झाडू लागलो. दादा दोरी धरून थांबला. त्याला घाई नव्हती.

शेवटी केसरने सांगितली. त्याने तिसरी गाठ मारली.